स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील स्क्रॅब्स्टर बंदरातून निघालेली बोट दीड तासात ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेसला लागते. करड्या दगडांची घरे थेट पाण्याला भिडलेली, गल्ल्या अरुंद आणि वारा अखंड. जवळच स्कापा फ्लो हा विस्तीर्ण नैसर्गिक आसरा आहे. २१ जून १९१९ रोजी येथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमाराने आपली ७४ पैकी ५२ जहाजे स्वतःच बुडवली. बहुतेक पुढे वर काढली गेली. सात मोठी जहाजे आजही तळाशी आहेत. ती पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येतात.

धक्क्यावर मला नवल वाटले ते त्यांच्या वयाचे. अनेकांचे केस पिकलेले, आणि कित्येकांच्या पाठीवर नेहमीच्या टाकीऐवजी ‘रिब्रीदर’. माझे थोरले बंधू त्या देशात स्थायिक आहेत. वय ६३, दहा वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या चालू. त्यांनाही तेच यंत्र घ्यायचे होते.

यंत्राची कल्पना सुंदर आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि उच्छ्वासात सुमारे १६ टक्के उरतो. साध्या टाकीत हा उरलेला साठा बुडबुड्यांवाटे वाया जातो. तीस मीटर खोलीवर दाब चौपट असल्याने टाकीही चौपट वेगाने रिकामी होते. रिब्रीदर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड सोडा लाइममध्ये शोषून घेतो, खर्च झालेला ऑक्सिजन भरून काढतो आणि तोच वायू परत देतो. हा वायू उबदार व दमट असतो. थंड पाण्यात ते मोठेच सुख.

किंमत मात्र जबर. नवे यंत्र सहज पाच-सात लाख रुपयांच्या घरात किंवा त्याहून वर जाते. शिवाय प्रशिक्षण, सोडा लाइम आणि ठरावीक काळाने बदलावे लागणारे ऑक्सिजन सेन्सर. नामांकित उत्पादक प्रशिक्षणाशिवाय यंत्र हाती देत नाहीत. जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात, आणि दादांचा डोळा अशाच एकावर होता.

“तू डॉक्टर आहेस, सांग, घेऊ का?” दादांनी विचारले.

मी म्हणालो, “दादा, पैशांचे नंतर पाहू. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. या यंत्रात तो शोषला जातो. ऑक्सिजन घटला तर धापही लागणार नाही, थेट शुद्ध हरपेल. त्यात पाण्यात उतरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब असलेल्यांच्या फुप्फुसांत अशा वेळी पाणी भरू शकते.”

दादा रुसले, पण परतल्यावर त्यांनी इकोकार्डिओग्राम व स्ट्रेस टेस्ट करून घेतली. श्रम करताना रक्तदाब फार वाढत असल्याचे आढळले. औषधे बदलली, आणि यंत्राची खरेदी राहिली. पाणबुडीच्या वैद्यकाची परवानगी मिळाल्यावर आता ते साधी टाकी घेऊन उथळ पाण्यात उतरतात, आणि समाधानी आहेत.

मालवणला सहलीला जाणाऱ्या ज्येष्ठांनाही हेच लागू आहे. रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा कानाचे दुखणे असल्यास प्रश्नावलीत ते लपवू नये. आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आणि घरच्यांनी “आता हे वय आहे का?” असे म्हणू नये. त्याऐवजी त्यांना सोबत घेऊन तपासणीला जावे. हौस टिकते ती अशानेच.