जागा असूनही

आंबेजोगाईत राहून हस्तलिखितांविषयी उदासीन राहणे कठीण. दासोपंतांनी पंचीकरण कापडावर लिहिले, ती पासोडी याच गावची. वस्त्र एक, प्रतही एकच. परिसरातील पोथ्यांची छायाचित्रे साठवण्याचे आम्ही काही मित्रांनी ठरवले, तेव्हा ही गोष्ट मनात होती. प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती तीन वेगळ्या संगणकांवर असाव्यात, असा नियम आम्ही केला.

हार्ड डिस्का मिळतील तशा जमवल्या : ४ टेराबाइटच्या दोन, १ टेराबाइटच्या चार. एकूण १२, म्हणजे तीन प्रती धरून ४ टेराबाइट मजकूर मावेल, असा हिशेब. थोरल्या दोन्ही एका संगणकात बसवल्या, धाकट्या दोन-दोन उरलेल्या दोहोंत. वाटणीचे काम 'सेफ' या प्रणालीकडे होते. तिच्या मुळाशी सेज वाइल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली 'क्रश' ही पद्धत आहे : ज्या डिस्कची जेवढी धारणशक्ती, तेवढा तिचा वाटा. हे तत्त्व आम्हांला न्याय्य वाटले आणि आम्ही निश्चिंत झालो.

पण दोन टेराबाइट पुरे होण्याआधीच काम थांबले. एक जरी डिस्क ९५ टक्के भरली, तरी ही प्रणाली, मुळातली मर्यादा बदलली नसेल तर, नवे काही लिहू देत नाही. त्याच सुमारास धारूर तालुक्यातून एक वृद्ध गृहस्थ तांबड्या फडक्यात बांधलेले बाड घेऊन आले. "बाबा, सध्या जागा नाही, पुढल्या महिन्यात या," असे आम्ही म्हणालो. पहिल्या संगणकात तेव्हा सहा टेराबाइट रिकामे होते.

चूक उशिरा उमगली. प्रत्येक संगणकाला एकेक प्रत ठेवणे भाग होते. त्यामुळे सर्वांत लहान संगणकात मावेल तेवढेच साऱ्यांत मावत होते. वाट्याचा नियम बरोबर होता. कोणाला कोणाशेजारी बसवायचे, हे आम्ही चुकलो होतो. मग एकेक थोरली डिस्क दोन संगणकांत आणि चारही धाकट्या तिसऱ्यात बसवल्या. तिन्हीकडे चार-चार टेराबाइट झाले. नवी डिस्क एकही घ्यावी लागली नाही.

त्यानंतर आम्ही त्या गृहस्थांच्या गावी गेलो. घराला कुलूप होते. "समदे ऊसतोडीला गेलेत. म्हातारंबी गेलं, लेकरं सांभाळायला," शेजारणीने सांगितले.

बाड आत आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात, पुन्हा जायचे आहे.