जुन्या नौकेचें आयुष्य

जुन्या वस्तूवर जीव जडला म्हणजे ती जपावीशी वाटते. परंतु जपावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तलवार असली तर तेल लावून ती भिंतीवर टांगतां येते. पोथी असली तर रुमालांत बांधून पेटींत ठेवतां येते. पण लाकडाची, शिडाची, शर्यतींत सातासमुद्रांचें पाणी पिऊन आलेली एखादी जुनी नौका असली, तर तिला जपावें कसें? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. इंग्लंडांतील दर्यावर्दी लोकांना त्याचें उत्तर सांपडावयास बरींच वर्षें लागलीं, आणि दोन प्रसिद्ध नौकांना त्यापायीं पुष्कळ सोसावें लागलें. त्यांतली एक आपल्या मुंबईंत जन्मलेली, म्हणून या हकीगतीची मला विशेष गोडी वाटत आली आहे.

तिचें नांव ‘सुहैली’. इराणच्या आखातांतील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हें नांव देतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकारी. त्यानें १९६३ च्या सुमारास ती मुंबईंत बांधावयास घेतली. मुंबईचें जहाजकाम आणि सागवान यांचा लौकिक जुना आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं येथील गोदींत बांधलेली, १८१७ सालची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून पाण्यावर तरंगते आहे. ‘सुहैली’ मात्र अवघी ३२ फूट लांब. आराखडा नॉर्वेच्या जुन्या जीवरक्षक होड्यांच्या वळणाचा. फळ्या जाड, वजन भारी, चाल मंद. सुतारांनीं तासणी आणि सामता हातांत घेऊन ती घडविली. अशा नौकेकडून शर्यतीची अपेक्षा कोण करील? परंतु १४ जून १९६८ रोजीं फाल्मथहून निघून, कोठेंहि न थांबतां, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून तिचा धनी २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतला. ३१२ दिवस लागले. स्पर्धेंत नऊजण उतरले होते. प्रदक्षिणा पुरी केली ती त्यानें एकट्यानें. आरंभींच अटलांटिक महासागरांत नौकेच्या तळाशीं सांधा उघडून पाणी आंत येऊं लागलें, तेव्हां त्यानें पाण्याखालीं बुड्या मारून त्या फटींत कापूस ठोकला आणि वर कापडाची पट्टी तांब्याच्या चुकांनीं जडवली. डागडुजी हा प्रवासाचाच भाग आहे, हें ती नौका अशी पहिल्यापासून शिकली होती.

दुसरी नौका ‘जिप्सी मॉथ ४’. पासष्टीच्या घरांतील फ्रान्सिस चिचेस्टर १९६६ च्या ऑगस्टमध्यें तिच्यांतून प्लिमथहून निघाले आणि केवळ सिडनीला एकदां थांबून, जगाला वळसा घालून २८ मे १९६७ रोजीं परत आले. ही नौका वेगासाठीं बांधलेली. पण चिचेस्टर यांचें तिच्याशीं कधीं जमलें नाहीं. थोड्या वाऱ्यानेंहि ती फार कलते, ही त्यांची तक्रार. म्हणून सिडनीच्या मुक्कामांत तिच्या तळाच्या कण्यांत फेरफार करून घ्यावे लागले, तेव्हां कोठें परतीचा प्रवास जरा सुसह्य झाला.

एवढ्या पराक्रमानंतर दोघींचाहि सत्कार व्हावा हें ओघानेंच आलें. १९६८ सालीं ‘जिप्सी मॉथ ४’ लंडनांतील ग्रीनिच येथें, ‘कटी सार्क’ या जुन्या जहाजाच्या शेजारीं, कोरड्या खड्ड्यांत कायमची उभी केली गेली. पुढें १९९७ सालीं ‘सुहैली’हि ग्रीनिचच्याच सागरी संग्रहालयांत आली. २००१ सालीं कांहीं कामानिमित्त मी लंडनला गेलों असतां एका दुपारीं या दोघींना भेटण्याचा योग आला. एक बाहेर, आकाशाखालीं, पावसांत निथळत उभी. दुसरी आंत, दिव्यांच्या उजेडांत, स्वच्छ आणि कोरडी. ‘सुहैली’च्या सागवानी फळ्यांकडे पाहतांना, कोणा अनाम मुंबईकर सुताराच्या तासणीची खूण त्यांवर कोठें दिसते काय, हें मी किती वेळ शोधीत राहिलों! माहेरचें माणूस परदेशांत भेटावें तसें मला झालें होतें.

परंतु लाकडाला मानसन्मान समजत नाहीं. लाकडी नौका पाण्यांत असली म्हणजे तिच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींना घट्ट बिलगतात. सांध्यांतला कापूस दाबला जातो, आणि सारें अंग एकजीव होतें. तीच नौका कोरड्या हवेंत ठेवली म्हणजे फळ्या आकसूं लागतात आणि सांधे उकलतात. संग्रहालयांतील मोजून मापून राखलेल्या हवेनें ‘सुहैली’चें हेंच चालविलें होतें. बाहेरच्या ‘जिप्सी मॉथ’चें दुखणें निराळें. समुद्राचें खारें पाणी लाकूड टिकवितें, पण पावसाचें गोडें पाणी सांदीकोपऱ्यांत सांचून तें कुजवितें. एक सुकत होती, दुसरी कुजत होती. आणि दोघींचेंहि दुखणें तिच्या गौरवांतूनच उद्भवलें होतें.

शेवटीं दोघींची सुटका झाली. २००२ सालीं नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपली नौका संग्रहालयांतून बाहेर काढून दुरुस्तीला घेतली. ‘जिप्सी मॉथ’ २००४ सालीं एक पौंड आणि एक पेला मद्य एवढ्या नांवाच्या किंमतीला विकली गेली. ज्या गॉस्पोर्टला ती बांधली गेली होती, तेथेंच तिची डागडुजी झाली, आणि ती पुन्हां जगाच्या फेरीला निघाली. वाटेंत, २००६ सालीं, पॅसिफिकमधील रांगिरोआ बेटाच्या प्रवाळखडकावर ती आदळली. ऑकलंडला पुन्हां जोडली गेली. आणि २८ मे २००७ रोजीं, चिचेस्टर यांच्या आगमनाला बरोबर चाळीस वर्षें होत असतांना, प्लिमथला पोंचली. खड्ड्यांत उभी राहिली असती तर खडक तिच्या वांट्याला आला नसता हें खरें. पण समुद्रहि आला नसता.

जुनी नौका पुन्हां पाण्यांत घालावयाची म्हणजे मात्र तिच्यांत पुष्कळ बदल करावा लागतो. लोखंडी खिळे गंजले कीं ते फुगतात आणि सभोंवारचें लाकूड कुजवितात. ते उपटून नवे बसवावे लागतात. डोलकाठीला आधार देणाऱ्या पोलादी तारा बाहेरून चकचकीत दिसतात, पण जोडांच्या आंत कुरतडल्या जातात. म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवतां ठराविक वर्षांनीं त्या बदलणें बरें. कापसाच्या शिडाच्या जागीं टेरिलीनचें शीड येतें, आणि दिशा दाखविणारीं नवीं यंत्रें येतात. मग कोणी विचारतो, असें एकेक बदलत गेलें तर जुनें राहिलें काय? ग्रीकांनीं थीसियसच्या जहाजाविषयीं हाच प्रश्न घातला होता. मला वाटतें, नौका म्हणजे तिच्या फळ्यांची बेरीज नव्हे. तिचा घाट, तिचा तोल, लाट कापण्याची तिची रीत हीं राहिलीं म्हणजे ती राहिली.

तथापि नवेपणालाहि मर्यादा हवी. जुनें कापसाचें शीड वाऱ्याच्या झोताबरोबर थोडें ताणलें जाई, जुना दोर थोडा लांबे, आणि धक्का वाटेंतच जिरे. आजचीं शिडें आणि दोर फारसे ताणत नाहींत. म्हणून साऱ्या धक्क्याचा भार डोलकाठीच्या बुडावर आणि जुन्या सांध्यांवर येऊन पडतो. हौसेनें अधिक उंच डोलकाठी चढविली तर बरगड्याच तडकावयाच्या. जाणता कारागीर नवी वस्तु निवडतांना ती किती बळकट आहे एवढेंच पाहत नाहीं; जुन्या अंगाला ती किती पेलेल, हेंहि पाहतो.

मला स्वतःला निवृत्त व्हावयास आतां थोडींच वर्षें उरलीं आहेत, म्हणून असेल कदाचित्. पण या दोन नौकांची आठवण झाली कीं मला आपल्या घरांतील वडीलमाणसें दिसूं लागतात. शाल, श्रीफळ, मानपत्र देऊन आपण त्यांना खुर्चींत बसवितों. ‘तुम्ही आतां कांहीं करूं नका’ असें मोठ्या प्रेमानें सांगून त्यांच्या हातांतून बाजाराची पिशवी, घरखर्चाची वही, नातवंडांचा अभ्यास, सारें काढून घेतों. हवा बेताची, जेवण वेळेवर, औषधें मोजून. आणि मग हीं माणसें कशानें सुकत चाललीं हें आपल्याला उमगत नाहीं. त्यांचे सांधे दुखतात हें खरें. पण सांध्यांना पाणी लागावें लागतें हेंहि तितकेंच खरें. चष्म्याचा क्रमांक बदलावा, काठी द्यावी, जिना चढण्याचें काम कमी करावें, ही डागडुजी झाली. काम मात्र असूं द्यावें.

नॉक्स-जॉन्स्टन यांनीं हा न्याय स्वतःलाहि लावला. २००६ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, ते पुन्हां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीला निघाले आणि ती पुरी केली. २०१४ सालीं पंचाहत्तराव्या वर्षीं अटलांटिक ओलांडण्याच्या एका शर्यतींत आपल्या गटांत ते तिसरे आले. ‘सुहैली’च्या डागडुजींतहि त्यांचे हात होते. आणि १४ जून २०१८ रोजीं, पहिल्या प्रस्थानाला पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, मुंबईच्या सुतारांनीं घडविलेली ती नौका फाल्मथच्या पाण्यावर शीड उभारून चालत होती.