२४३ ची विभाजने

१३३९७८२५९३४४८८८ ही पंधरा अंकी संख्या म्हणजे २४३ च्या विभाजनांची संख्या. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने जितक्या प्रकारे मांडता येते, तितकी तिची विभाजने. क्रम बदलला तरी प्रकार एकच धरतात. ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशी ४ ची विभाजने ५. हा आकडा झपाट्याने वाढतो. १० ची विभाजने ४२, तर १०० ची १९,०५,६९,२९२.

इतक्या मांडण्या एकेक लिहून मोजणे अशक्य. ऑयलरच्या सूत्राने मात्र मागच्या किमतींवरून पुढची किंमत काढता येते. १ आणि २ घरे मागच्या किमती मिळवायच्या, ५ आणि ७ घरे मागच्या वजा करायच्या, १२ आणि १५ घरे मागच्या पुन्हा मिळवायच्या, असा तो क्रम. २४३ साठी अशी २४ पदे लागतात. मागे एक जरी चूक राहिली, तरी ती पुढच्या किमतींत उतरत जाते.

मॅकमहॉन यांनी २०० पर्यंतचे कोष्टक हाताने तयार केले होते. ते पाहून रामानुजन यांनी एक नियम सुचवला: संख्येला २४ ने गुणून १ वजा करावा, उरलेल्या संख्येला ५, ७ किंवा ११ च्या ज्या घाताने भाग जातो, त्याच घाताने विभाजनांच्या संख्येलाही जातो. उदाहरणार्थ, ४७ घेतल्यास ११२७ मिळतात आणि त्यांना ४९ ने भाग जातो. ४७ ची विभाजने १,२४,७५४, म्हणजे ४९ गुणिले २५४६. नियम जुळतो.

सातच्या तिसऱ्या घातासाठी, म्हणजे ३४३ साठी, नियम लागू होणारी पहिली संख्या २४३ आहे, कारण ५८३१ = ३४३ × १७. ती मॅकमहॉन यांच्या कोष्टकापलीकडची. पुढे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात प्राध्यापक झालेले हंसराज गुप्ता (१९०२–१९८८) यांनी कोष्टक ३०० पर्यंत वाढवले. त्यातली २४३ ची किंमत सर्वदमन चौला यांनी १९३४ मध्ये तपासली. सातने एकदा भागल्यावर १९१३९७५१३३४९८४ येतात, दुसऱ्यांदा २७३४२५०१९०७१२. तिसऱ्यांदा भागताना ५ बाकी उरते. ४९ ने भाग जातो, ३४३ ने जात नाही. नियम इथे मोडला.

१९३८ मध्ये वॉटसन यांनी ५ च्या घातांसाठी मूळ नियम सिद्ध केला आणि ७ साठी सुधारलेला: घात ३ असेल तिथे ४९ ने भाग जाण्याचीच हमी. ११ च्या घातांची सिद्धता ॲटकिन यांनी १९६७ मध्ये दिली.

रामानुजनांसारख्या गणितज्ञाचा तर्कही सिद्धतेवाचून नियम ठरत नाही, आणि तो तपासायला अचूक आकडेमोडीला पर्याय नाही.