रत्नागिरीची हद्द

रत्नागिरीला निघालो असे सांगितले, की मुंबईचा माणूस दोहोंपैकी एक प्रश्न विचारतो. आंब्याचे दिवस असले तर "पेटी आणणार ना?" आणि नसले तर "आता तिथे काय आहे?" आम्ही निघालो ते आश्विनात, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला तोंड देणे भाग होते. खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. नातीला सुट्टी होती, मला सवड होती, आणि ज्या घरात माझ्या लहानपणीचे सगळे मे महिने गेले, ते घर विकल्यापासून मी एकदाही पाहिले नव्हते.

आमच्या वेळी भाऊच्या धक्क्यावर बोट पकडायची. रत्नागिरीसमोर ती खोल पाण्यात थांबली, की हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे. वळकट्या, ट्रंका, आजी आणि आम्ही मुले, सर्वांना खलाशी एकाच पद्धतीने खाली घेत. आजी पडावात बसली की किनारा लागेपर्यंत डोळे उघडत नसे. आता कोकण रेल्वे आहे. १९९८ साली ती सलग सुरू झाली आणि रत्नागिरी लांब आहे असे म्हणायची सोयच राहिली नाही. नात बोगदे मोजत होती. पुढे पुढे तिचा हिशेब चुकला आणि ती झोपली.

पहिल्या दिवशी तिला थिबा राजवाडा दाखवायला नेला. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, आणि पुढच्याच वर्षी त्याला राण्या-मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवले. वाडा बांधून झाला १९१० साली. तोवर चोवीस वर्षे बिऱ्हाड दुसऱ्यांच्या बंगल्यांत. नव्या वाड्यात राजाला पुरती सात वर्षेही मिळाली नाहीत. १९१६च्या डिसेंबरात तो इथेच वारला, आणि त्याची समाधीही इथेच आहे. अर्धगोल लाकडी खिडक्या आणि उतरती छपरे असलेली ही तीन मजली इमारत देखणी आहे. पण मला ती नेहमी एखाद्या पाहुण्यासाठी सजवलेल्या आणि बाहेरून कडी घातलेल्या खोलीसारखी वाटते.

"आजोबा, पण इतक्या लांब का आणलं त्याला?"

मी सांगितले, की लांब म्हणूनच आणले. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात बोटी बंद. राजाला कोणी भेटायला येणार नाही आणि राजा कुठे जाणार नाही.

"म्हणजे आपलं रत्नागिरी हे माणसं अडकवून ठेवायचं ठिकाण होतं?"

कोकणी माणसाने आपल्या गावाबद्दल असे ऐकून घेऊ नये. पण टिळक आळीकडे उतरताना माझ्या मनात तेच घोळत राहिले. या आळीतल्या घरात १८५६ साली टिळक जन्मले. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि साहेबाने त्यांना ठेवले कुठे, तर मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे थिबाच्याच राजधानीत. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत! इकडे राजा नव्या वाड्यात राहायला गेला, त्याच सुमारास तिकडे हा कैदी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होता. साहेबाचा भूगोल पक्का होता यात शंका नाही.

तिसरे नाव सावरकरांचे. त्यांच्या पुढच्या राजकारणावरून मराठी घरांत अजून ताटे वाजतात. आमच्या घरात तर दिवाळीच्या फराळाला हा विषय काढायचा नाही असा ठरावच आहे. पण रत्नागिरीतली तेरा वर्षे मला निराळ्या कारणासाठी आठवतात. १९२४च्या जानेवारीत त्यांना तुरुंगातून सोडले ते दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द परवानगीवाचून ओलांडायची नाही, आणि राजकारणात पडायचे नाही. अटी म्हणायला पाच वर्षांच्या, पण वाढत वाढत १९३७पर्यंत गेल्या. मग या माणसाने काय केले? अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ केली. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि १९३१ साली सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. आणि नाटके लिहिली.

राजकारण बोलायला बंदी असली, की मराठी लेखक पुराणात किंवा इतिहासात शिरतो. ही आपली जुनी खोड. खाडिलकरांचा कीचक म्हणजे कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. सरकारला ते उमगायला थोडा वेळ लागला. १९०७ साली आलेल्या 'कीचकवधा'वर बंदी पडली ती १९१०मध्ये. सावरकरांनी 'संन्यस्त खड्ग' थेट बुद्धाच्या काळात नेऊन ठेवले. शाक्यांचा सेनापती तलवार टाकून भिक्षू होतो, आणि मग राज्यावर शत्रू चालून येतो. पुस्तकी अहिंसेवर घातलेला हा घाव आहे, आणि त्यातली संवादबाजी आज मला जरा जड जाते. पण त्या गावात पंधरा वर्षांपूर्वीच एक बौद्ध राजा राज्य गमावून मेला होता, हे मनातून जात नाही. नाटककाराच्या मनात तो होता असे माझे म्हणणे नाही. योगायोग माझा आहे.

१९३१ साली बळवंत संगीत मंडळीने हे नाटक मुंबईत रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. नाटककाराला जिल्ह्याची वेस होती, नाटकाला नव्हती. पुढे त्यातले दीनानाथांचे एक पद तबकडीवर बसून साऱ्या महाराष्ट्रभर फिरले. ते पद कोणते हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही, आणि नातीच्या पिढीला सांगून उपयोग नाही.

ती तबकडी आमच्या रत्नागिरीच्या घरी होती. इथून पुढची गोष्ट घरची आहे.

आजोबा एका वकिलांकडे कारकून होते. पगार बेताचा, पण कण्याचा माणूस. ते सहभोजनाला जाऊन बसले, तेव्हा आळीतल्या दोन घरांनी त्यांच्याकडचे पाणी बंद केले. आजोबांनी त्यांची आमंत्रणे बंद केली आणि हिशेब मिटवला. गाण्याचे तर वेड होते. 'भावबंधना'त दीनानाथ लतिका करीत. नऊवारी नेसलेल्या त्या लतिकेचे वर्णन आजोबा असे करीत, की आजी पदर तोंडाला लावून आत निघून जाई.

माझी आत्या १९२९ची. दीनानाथांची थोरली मुलगी त्याच वर्षीची. आत्या तबकडीवरून ऐकून गाणे उचलायची. शिकवायला कोणी नव्हते. १९४६ साली एक फिरती नाटक मंडळी गावात आली. बोलपटांनी नाटकवाल्यांचे कंबरडे मोडले होते, बायकांच्या भूमिकांना गाणाऱ्या मुली हव्या होत्या. कोणीतरी आत्याचे नाव सांगितले. मालक स्वतः घरी आले, ओटीवर बसले, आतून तिचे गाणे ऐकले आणि आजोबांपाशी शब्द टाकला. आजोबांनी त्यांना चहा दिला, पानसुपारी दिली, आणि वाटेला लावले. आत येऊन म्हणाले, "घरात हवं तितकं गा. मी कधी नाही म्हटलंय?"

ज्या माणसाने सहभोजनासाठी आळीशी वैर पत्करले, जो पुरुषाने केलेली लतिका डोळे मिटून आठवायचा, त्याला स्वतःच्या मुलीच्या पायाखाली रंगमंच चालेना. मी पुष्कळ विचार केला आहे. आजोबांना ढोंगी म्हणायला जीभ रेटत नाही. पण दुसरा शब्दही सापडलेला नाही.

आत्या घरात गाऊ लागली. घरात म्हणजे मागील दारी, विहिरीवर. विहीर आवाज परत देते, तीच माझी पेटी, असे ती म्हणायची. पुढे तिने शाळेत नोकरी धरली, लग्न केले नाही. शेजारच्या वकिलांकडे रेडिओ आला. लता मंगेशकरांचे गाणे लागले, की आजोबा ओटीच्या टोकाला जाऊन बसत आणि मोठ्याने म्हणत, "काय गळा आहे पोरीचा!" तेरा वर्षांची असल्यापासून घर चालवणारी ती पोर. आत्या तेव्हा चुलीपाशी असे. भांडी जरा जास्त वाजत, एवढेच.

एका वर्षी आम्ही शिमग्याला गेलो होतो. नमनाचे खेळे आळीत आले. उंच टोपीचा काळा संकासूर नाचत नाचत कुणाकुणाची नावे घेऊन टवाळी करीत होता, लुगडी नेसलेले बापये गौळणी झाले होते, आणि मृदंग घुमत होता. शिमग्यात संकासुराला कोणी अडवीत नाही. ना खोत, ना फौजदार. आत्या खिडकीच्या गजांना धरून उभी होती. एका गौळणीचा सूर लागला तेव्हा ती म्हणाली, "मेल्याचा गळा बरा आहे हो." मी पोरकटपणे विचारले, की आत्ये, तू का नाही गेलीस नाटकात? ती हसली. म्हणाली, "सावरकरांना निदान अख्खा जिल्हा दिला होता रे."

तेव्हा जिल्हा केवढा मोठा होता! आजचा सिंधुदुर्गही त्यातच; तो वेगळा निघाला १९८१ साली.

पुढे रत्नागिरीत आकाशवाणीचे केंद्र आले, तेव्हा मी मुंबईहून पत्र लिहून आवाजाच्या चाचणीला जा म्हणून मागे लागलो. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिचे कार्ड आले: आता नाही म्हणायला कोणी उरले नाही, आणि गळाही. ते कार्ड माझ्याकडे आहे.

घर शेवटच्या दिवशी पाहिले. नवे मालक भले वाटले. आत बोलावले, कोकम सरबत दिले. ओटीवर फरशी आली आहे, माजघराचे दोन भाग झाले आहेत. मागील दारी जायला मी जरा घुटमळलो; नात केव्हाच पुढे गेली होती. विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि काठावर पंप बसवला आहे. तिने जाळीवर ओणवून आत "ओऽऽ" म्हटले. आवाज वर आला.

"पाणी वैशाखातही असतं बरं का," मालक म्हणाले, आणि गाडीला उशीर होईल म्हणून रिक्षा बोलवायला बाहेर गेले.