सेंट्रिफ्यूगलवरचा जमाखर्च

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेल्या साखर कारखान्याबद्दल सहकाराच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही कारखान्यात साखर प्रथम साखरेसारखी दिसते ती सेंट्रिफ्यूगलवर, आणि त्या यंत्रावरच्या कामाबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. पॅनमध्ये तयार झालेले मॅसेक्युट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचे दाट मिश्रण, जाळीदार बास्केटमध्ये सोडतात; १.२ मीटर व्यासाचे बास्केट मिनिटाला १,२०० फेरे घेऊ लागले की भिंतीशी गुरुत्वाच्या सुमारे हजारपट जोर निर्माण होतो, मळी जाळीतून निसटते आणि दाणे आत राहतात.

माल मात्र पूर्ण वेगावर घेत नाहीत, दोनशेच्या आसपास घेतात. कोनीय संवेग म्हणजे फिरण्याचा वेग आणि जडत्व आघूर्ण, अर्थात वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे याचे माप, यांचा गुणाकार. मोटर बंद असताना माल पडून हे आघूर्ण दुप्पट झाले तर वेग निम्मा होतो आणि संवेग तेवढाच राहतो, पण गतिज ऊर्जा निम्मीच उरते, कारण माल बास्केटच्या वेगाला येईपर्यंत भिंतीवर घसरतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. मोटरने वेग टिकवून धरला तरी सुटका नाही: मालात जेवढी गतिज ऊर्जा साठते तेवढीच घसरणीत खर्ची पडते. हा तोटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने बाराशेवर माल घेतला तर तो छत्तीसपट होईल. एकदा माल आणि बास्केट दृढ वस्तूसारखे एकत्र फिरू लागले की घसरण संपते.

मळी बाहेर पडल्यावर हलके झालेले बास्केट आपोआप वेग घेईल, हा समज पुस्तकी माणसांतही आढळतो. प्रत्यक्षात निघून जाणारी मळी आपल्या वाट्याचा संवेग सोबत नेते, त्यामुळे वेग वाढत नाही, आणि तिची ऊर्जा बाहेरच्या आवरणावर आपटून वाया जाते.

राहिला ब्रेक. भिंतीच्या वेगाने फिरणाऱ्या एक टन वस्तुमानात पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज साठलेली असते. जुन्या यंत्रांत ती ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जाई, तर नव्या यंत्रांत थांबणारी मोटरच जनित्र होऊन तिचा मोठा भाग परत देते. म्हणूनच जाणता ऑपरेटर शेजारशेजारची यंत्रे एकाच वेळी सुरू करत नाही. एकाचा ब्रेक लागताना दुसऱ्याने वेग घ्यावा, अशी पाळी तो लावून ठेवतो.