मावशी, हे काम टिकेल का?

मागच्या महिन्यात सोलापूरहून ताईचा फोन आला. "तुझी भाची बी.एस्सी. झाली. मेडिकल कोडिंगचा कोर्स करायला चेन्नईला यायचं म्हणतेय. पाठवू का तुझ्याकडे?"

एरवी मी "पाठव की, विचारतेस काय!" म्हटलं असतं. त्या दिवशी मात्र जीभ अडखळली. त्याच सकाळी आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या तिघींना, उद्यापासून येऊ नका, असं सांगण्यात आलं होतं.

यांची बदली १९९८ साली इथे झाली. तमिळचा गंध नाही, मुलगी तीन वर्षांची. त्या सुमारास इथे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनची लाट आली होती. अमेरिकेतला डॉक्टर रोग्याला तपासून झालं की सगळं बोलून ठेवायचा. ते बोलणं आम्ही कानाला हेडफोन लावून टाइप करायचं. पायाखाली पेडल असे, थेट शिवणयंत्रासारखं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. पैसे ओळीवर मिळत आणि ओळ धरली जाई पासष्ट अक्षरांची. तिकडे रात्र असते तेव्हा इथे दिवस, त्यामुळे डॉक्टर सकाळी दवाखान्यात येईपर्यंत त्याचा कागद तयार! 'इलियम' हा शब्द आतड्याच्या भागालाही आहे आणि कमरेच्या हाडालाही. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चार एकच. कुठला लिहायचा, ते मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखायचं. पहिल्या पगारातून मी सासूबाईंना कांचीपुरमची साडी घेतली होती.

पुढे संगणकच ऐकून टाइप करू लागला. आम्ही फक्त चुका सुधारायच्या, आणि म्हणून ओळीचा भाव निम्मा! वेळ तेवढाच लागायचा, हे कोणाला सांगणार?

मग मी कोडिंग शिकले. कोडिंग म्हणजे रोग्याच्या कागदातला प्रत्येक आजार, प्रत्येक उपचार ठरलेल्या क्रमांकात बसवायचा. तो क्रमांक पाहून तिकडची विमा कंपनी दवाखान्याचे पैसे देते. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने जुनी यादी सोडून नवी घेतली, तेव्हा आजारांचे सुमारे चौदा हजार क्रमांक होते त्यांचे अडुसष्ट हजारांच्या आसपास झाले. डावा हात वेगळा, उजवा वेगळा. बदकाने धडक दिली तर त्यालाही स्वतंत्र क्रमांक! (घरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना.) चेन्नईत हजारो मुलामुलींना त्यातून काम मिळालं, चाळिशी ओलांडलेल्या मलाही.

आता तो क्रमांकही संगणकच सुचवतो. क्ष-किरणाचे सोपे कागद तर माणसापर्यंत येतच नाहीत. आमच्या गटात बावीसजणी होत्या, आज नऊ आहोत.

शेवटी ताईला म्हटलं, "आधी चार दिवस नुसती पाठव."

भाची आली. ऑफिसात तिला नेणं शक्यच नव्हतं. तिथे आमचीही पर्स, मोबाइल, पेनसुद्धा बाहेरच्या कपाटात राहतं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीच एक खोटा कागद लिहून दिला. बाई अठ्ठावन्न वर्षांची. २०१६ साली स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झाली, उपचार पूर्ण. आज आली आहे ती खोकल्यासाठी.

"यंत्राने हिला सी ५० दिला," मी म्हटलं, "म्हणजे स्तनाचा कर्करोग. बरोबर?"

तिने कागद दोनदा वाचला. "पण मावशी, हिला तो झाला होता. आता कुठे आहे?"

"मग झेड ८५.३. पूर्वी होऊन गेला, असा."

"आणि कोणी पाहिलंच नसतं तर?"

"तर बरी झालेली बाई कागदावर पुन्हा आजारी."

ती गप्प बसली. मग तिने विचारलंच, "मावशी, हे काम टिकेल का?"

खोटं कसं बोलू? सोपे कागद उरकणाऱ्यांचं टिकणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. क्लासवाले नोकरीची हमी देतात, तिच्यावर मी तरी वडिलांचे पैसे लावू देणार नाही. शरीरशास्त्र पक्कं असलेल्या, यंत्राची चूक पकडणाऱ्या थोड्याजणी अजून काही वर्षं लागतील. किती वर्षं, ते मला विचारू नये. आपल्याकडेही २०१८ पासून आयुष्मान भारतच्या दाव्यांसाठी दवाखान्यांना नीट कागद लागतात. पगार कमी, पण काम घराजवळ मिळू शकतं. हे सगळं मी तिला फिल्टर कॉफी ओतता ओतता सांगितलं.

जाताना तिने माझा जुना वैद्यकीय शब्दकोश मागून घेतला. कडा सुटलेल्या, पानोपानी माझ्या पेन्सिलीच्या खुणा. क्लासची फी तिने भरलेली नाही. आधी सोलापुरातच एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात सहा महिने उमेदवारी करणार म्हणते. ताई माझ्यावर जरा नाराज आहे. परवा फोनवर म्हणाली, "तू स्वतः पंचवीस वर्षं तेच केलंस ना?"

मी म्हटलं, "हो ताई, म्हणून तर."