लाल उजेडाची वायर

गेले तीन वीकएंड मी अंजूरला आमच्या घरी, फरशीवर पालथा पडून, कॉम्प्युटरच्या पाठीमागे बॅटरी मारत घालवले. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या सर्व्हरचे प्रॉब्लेम सोडवायचे आणि सुट्टीत घरच्या डब्यातून आवाज निघत नाही म्हणून डोकं फोडायचं! पण आवाज निघाला. तो कसा निघाला हे लिहून ठेवतोय, कारण अजून सहा महिन्यांनी मी स्वतःच विसरणार आहे.

आधी गावाबद्दल थोडं. अंजूर म्हटलं की लोक "हां, तो फाटा ना, जिथे ट्रॅफिक असतं?" असं विचारतात. फाटा वेगळा, गाव वेगळं. वसईच्या मोहिमेबद्दल वाचलेल्यांना गंगाजी नाईक अणजूरकर हे नाव माहीत असेल. १७३७ मध्ये मराठे पोर्तुगीजांवर साष्टीत उतरले त्यामागे या माणसाची बरीच खटपट होती, आणि दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यांचंच हे अंजूर. आता आसपास गोदामंच गोदामं आहेत आणि भिवंडीच्या बाजूला गेलं की पॉवरलूम. असो.

आमचे आप्पा (म्हणजे माझे वडील) त्या पॉवरलूमवर तीस वर्षं जॉबर होते. माग बिघडला की नीट करायचा, हे काम. लूमच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तिथे माणसं बोलत नाहीत, खाणाखुणा करतात. अशा आवाजात वर्षानुवर्षं काढली की कानाचं काय होतं हे मी मागच्या वर्षी त्यांच्या तपासणीच्या रिपोर्टवर बघितलं. आलेखाची रेघ खालच्या सुरांना बऱ्यापैकी सरळ जाते आणि ४००० हर्ट्झजवळ विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. म्हणजे ढोलाचा घुमारा त्यांना ऐकू येतो, पण 'स', 'श', 'त' ही अक्षरं निसटतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.

आता मुद्दा. १९८९ साली आमच्या भजनी मंडळाची एक कॅसेट घरच्या टू-इन-वनवर भरली होती. आप्पा गायला, नानाकाका पखवाजावर. नानाकाका जाऊन आता अकरा वर्षं झाली आणि त्यांच्या आवाजाची, हाताची म्हणाल तर तेवढी एकच आठवण शिल्लक आहे. कॅसेटला बुरशी लागायच्या आत मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. मशीन जुनंच, २०१२ चं, त्यावर लिनक्स. बाहेरच्या खोलीत ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर. आतल्या खोलीतून बाहेर एक ऑडिओ वायर टाकली, झालं काम, असं मला वाटलं.

गाणं सुरू व्हायच्या आधीच घुर्रर्र सुरू. आप्पा म्हणाले, "माग चालू केलास काय?"

मी आधी साउंड कार्डाला शिव्या दिल्या, मग लिनक्सला. दोघंही निर्दोष होते. कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या प्लगवर, ॲम्प्लिफायर बाहेरच्या. दोघांना अर्थिंग, पण दोन वाटांनी आलेलं, आणि त्या दोन अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक. मधल्या ऑडिओ वायरच्या जाळीतून तो फरक वाहायला लागतो, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ५० आणि १००ची घरघर स्पीकरमधून बाहेर पडते. याला ग्राउंड लूप म्हणतात. तुम्हाआम्हाला ही घरघर नुसती कटकट वाटेल. आप्पांसाठी तिचा अर्थ वेगळा होता. खालचा जोरदार सूर वरचे सूर झाकून टाकतो हा कानाचा स्वभावच आहे, आणि त्यांच्याकडे वरचे सूर मुळातच कमी उरलेत. म्हणजे घरघर शंभर टक्के पोचत होती आणि भजन वीस टक्के. दोन मिनिटं ऐकून त्यांनी "राहू दे रे" म्हटलं आणि पेपर उघडला. ते "राहू दे" मला फार लागलं.

शेजारच्या वायरमनने झटपट उपाय सांगितला, ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाका. घरघर जाते हे खरं. पण उद्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, की बटण फिरवायला हात लावणाऱ्याला शॉक. कृपा करून हे कोणी करू नका. (अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला होता, त्यात मीठ-कोळसा भरून पाणी ओतलं, ते आवश्यकच होतं. घरघर कमी झाली, गेली नाही.)

मग लक्षात आलं, की मशीनच्या मागे एक चौकोनी भोक आहे ज्यात लाल उजेड दिसायला हवा. ऑप्टिकल आउटपुट! सोनी आणि फिलिप्सने ठरवलेली डिजिटल आवाजाची पद्धत, आणि १९८३ मध्ये तोशिबाने काढलेली प्रकाशाची वायर. आवाजाचे आकडे लाल दिव्याच्या उघडझापीने प्लॅस्टिकच्या तंतूतून जातात. तांबं नाही, म्हणजे दोन मशीनमध्ये विजेचा संबंधच नाही. संबंध नाही तर लूप नाही. ॲम्प्लिफायरलाही तसंच भोक होतं, इतकी वर्षं त्याचं झाकणसुद्धा कोणी उघडलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून पाच मीटरची वायर आणली.

आणि अर्थातच काही वाजलं नाही.

पहिला अर्धा तास गेला तो माझ्या अकलेमुळे. नव्या वायरच्या टोकावर धुळीसाठी बारीक पारदर्शक टोपी असते. ती तशीच ठेवून मी वायर खुपसत होतो. हसू नका.

मग टर्मिनल. 'एप्ले -एल' दिल्यावर कार्डाची यादी येते, त्यात ॲनालॉग वेगळं आणि डिजिटल वेगळं दिसलं. म्हणजे ड्रायव्हरला सगळं माहीत आहे. मग 'अल्सामिक्सर'. एफ-सहा दाबून खरं कार्ड निवडायचं, नाहीतर तुम्ही भलत्याच दांड्या वरखाली करत बसता. उजवीकडे सरकत गेलं की एस-पीडीआयएफ नावाचा रकाना सापडतो. त्याच्याखाली 'एमएम' लिहिलेलं, म्हणजे तोंड बंद. 'एम' दाबला की तिथे दोन शून्यं येतात. ती आली आणि भोकात लाल उजेड पडला! तळहातावर तो लाल ठिपका बघून मला झालेला आनंद घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही.

तरी गाणं वाजेना. कारण वर पाइपवायर बसलेला, आणि तो आवाज पाठवत होता एचडीएमआयकडे. त्याच्याही नावात 'डिजिटल स्टीरिओ' आहे, मी घाईत तेच निवडलं होतं. कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन 'डिजिटल स्टीरिओ, आयईसी ९५८' असं लिहिलेलं प्रोफाइल घ्यायचं. त्या प्रमाणाचा हा जुना नंबर, पण लिनक्समध्ये तोच चिकटलाय. जिथे 'ऑप्टिकल' लिहिलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता.

'स्पीकर-टेस्ट' लावला, खसखस सुरू झाली. आप्पा खिडकीकडे बघून म्हणाले, "पाऊस आला काय?" खाली घरघर नव्हती. अजिबात नव्हती.

भजन लावलं. आप्पा खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले, आवाजाचं बटण स्वतः हाताने फिरवलं, आणि डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. मी दारात उभा. संपल्यावर विचारलं, "नीट ऐकू आलं?"

"आलं. पण सुरुवातीचं कुठं गेलं?"

मी म्हटलं सुरुवात तर आहे, पखवाजापासून.

"त्याच्या आधी नाना बोलतो ना."

मी पुन्हा लावलं. खरंच नव्हतं. फाईल हेडफोनवर ऐकली, तर अगदी पहिल्या सेकंदात नानाकाकांचा आवाज: "दादा, टेप लागला का?" इतक्या वेळा ऐकूनही मी ते कधी मोजलंच नव्हतं. कान गेलेल्या माणसाला मात्र ते नसलेलं ऐकू आलं.

कारण सापडलं. थोडा वेळ काही वाजलं नाही की ड्रायव्हर वीज वाचवायला कार्डाला झोपवतो, लाल दिवा विझतो. पुन्हा आवाज आला की दिवा पेटतो, पण ॲम्प्लिफायरला तो सिग्नल पकडायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात नानाकाका बोलून मोकळे. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक फाईल करून 'एसएनडी एचडीए इंटेल'चं पॉवर-सेव्ह शून्य केलं. तेवढ्याने भागलं नाही, कारण पाइपवायरकडचा वायरप्लंबर पाच सेकंदांनी आपल्या बाजूनेही दुकान बंद करतो. त्याचा सस्पेंडचा टाइमआउटही शून्य केला आणि मशीन रीस्टार्ट केलं.

आता दिवा दिवसभर पेटलेला असतो. वीज किती जाते विचारू नका, आप्पांनी विचारून झालंय.

रविवारी संध्याकाळी निघायच्या आधी एकदा लावलं. स्पीकरमधून मोठ्ठ्याने आलं, "दादा, टेप लागला का?" आणि आप्पा पेपर बाजूला ठेवत सवयीने म्हणाले, "लागला रे, वाजव."